उन्हात विटणारी रत्ने

बीड जिल्ह्यात विहीर खणायला घेतली की वर काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण हा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. बालाघाटचे डोंगर असोत की गोदाकाठचा गेवराई-माजलगावचा सखल पट्टा, पाया एकच आहे: दख्खनचा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. थिजताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षे खनिजे विरघळलेले पाणी झिरपत राहिले आणि पोकळ्या हळूहळू भरल्या. कुठे गारगोटी तयार झाली, कुठे अकीक, कुठे कॅल्साइट, कुठे झिओलाइट. असा पांढऱ्या ठिपक्यांचा खडक लागला की विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. सुरुंगानंतर बांधावर टाकलेल्या ढिगाऱ्यात चमकणारे खडे दिसतात, ते याच पोकळ्यांमधले.

यातले गारगोटी, अकीक आणि जांभळा ॲमेथिस्ट हे मुळात एकच द्रव्य आहे: सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. त्यांना रंग देणारा घटकही पुष्कळदा एकच असतो, तो म्हणजे लोह. तरीही लाल अकीक दोन हजार वर्षे उन्हापावसात पडला तरी लालच राहतो आणि ॲमेथिस्ट खिडकीत ठेवला तर काही वर्षांत फिका पडू शकतो. रत्नांचा रंग का टिकतो आणि का उडतो, याचे उत्तर या दोघांच्या फरकात सापडते.

आधी टिकणाऱ्या रंगाचे पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या ग्रंथात दख्खनच्या दोन मोठ्या पेठांची नावे आहेत, पैठण आणि तगर. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून ऑनिक्स, म्हणजे अकिकाच्याच कुळातले पट्टेदार दगड गाड्यांत भरून भडोच बंदराला जात आणि तेरहून कापड जाई, असे त्यात म्हटले आहे. तेर पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचीही नोंद आहे. नकाशावर पैठण ते तेर रेघ ओढली तर ती बीड शहराजवळून जाते. म्हणजे आज ज्या मुलखात आपण विहिरीतले खडे बांधावर फेकतो, त्याच मुलखाच्या आसपास त्या काळी दगडांचा मोठा व्यापार चालत होता. तेर आणि पैठण इथे सातवाहनकाळातले मणी मिळाले आहेत. असे मणी तेरच्या लामतुरे संग्रहालयात पाहता येतात.

लाल अकिकाचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. गेरूला लाल करणारे हेमॅटाइट हेच द्रव्य इथे अतिसूक्ष्म कणांच्या रूपात सिलिकेत विखुरलेले असते. ते स्वतःच एक स्थिर खनिज आहे, प्रकाशाने त्यात काही बदल होत नाही. उलट गुजरातमधल्या रतनपूरचे खाणकरी फिकट अकीक मुद्दाम उन्हात पसरून ठेवत आणि अधूनमधून उलटत असत. मग मडक्यांत भरून शेणाच्या आगीत तापवत आणि तो माल खंभातच्या कारागिरांकडे जाई. फिकट दगडातल्या पिवळसर लोहखनिजात पाण्याचा अंश असतो. उष्णतेने ते पाणी गेले की त्याचे हेमॅटाइट होते आणि दगड लाल होतो. अकिकाचा रंग असा उन्हाने आणि आगीने चढतो.

ॲमेथिस्टची गोष्ट वेगळी आहे. आपल्या बाजारात त्याला जमुनिया किंवा कटेला म्हणतात आणि तो नीलमचे उपरत्न म्हणून विकला जातो. दख्खनच्या कातळात तो काही ठिकाणी सापडतो, पण जगाच्या बाजारातला मोठा साठा ब्राझीलच्या दक्षिण भागातून आणि उरुग्वेतून येतो. तिथला खडकही आपल्यासारखाच लाव्हाचा बेसाल्ट आहे, फक्त त्याचे वय दुप्पट, सुमारे १३ कोटी वर्षे. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलचे हे साठे खुले होईपर्यंत ॲमेथिस्टची गणना मौल्यवान रत्नांत होत असे. माल भरपूर येऊ लागला आणि भाव कोसळले.

ॲमेथिस्टमध्ये लोहाचे वेगळे कण नसतात. स्फटिकाच्या जाळीत सिलिकॉनच्या काही मोजक्या जागांवर लोहाचे अणू बसलेले असतात. एवढ्याने रंग येत नाही, असा स्फटिक जवळजवळ रंगहीन दिसतो. आजूबाजूच्या खडकात मात्र पोटॅशियम-४० सारखी किरणोत्सारी द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात. त्यांच्या गॅमा किरणांचा मारा लाखो वर्षे सतत चालू राहतो आणि एखादा किरण लोहाजवळचा एक इलेक्ट्रॉन उडवून लावतो. तो इलेक्ट्रॉन दुसऱ्या जागी जाऊन अडकतो. इलेक्ट्रॉन गमावलेला लोहाचा अणू आता हिरव्या-पिवळ्या प्रकाशाचे शोषण करू लागतो. उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांना जांभळा दिसतो.

अशा जागेला वैज्ञानिक रंगकेंद्र म्हणतात. अकीक आणि ॲमेथिस्ट यांतला फरक इथे स्पष्ट होतो. अकिकाचा रंग त्यातल्या पदार्थाचा आहे, तर ॲमेथिस्टचा रंग एका बिघडलेल्या व्यवस्थेचा आहे. इलेक्ट्रॉन मूळ जागी परतला की लोह तसेच राहते, स्फटिक तसाच राहतो, वजन एका रत्तीनेही कमी होत नाही. फक्त रंग जातो.

हा इलेक्ट्रॉन परत कशाने जातो, तर ऊर्जेने. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाजवळ सुमारे १.६ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते. तांबड्या टोकाला ती सर्वांत कमी आणि जांभळ्या टोकाला जास्त. अतिनील किरणांजवळ याहूनही अधिक. अडकलेला इलेक्ट्रॉन म्हणजे खळग्यात पडलेली गोटी असे समजा. उथळ खळग्यातली गोटी हलक्या धक्क्याने बाहेर येते, खोल खळग्यातली येत नाही. खळगा उथळ असेल तर दिव्याचा प्रकाशही रंग घालवतो, मध्यम असेल तर कडक ऊन लागते आणि खोल असेल तर भट्टीतच तापवावे लागते. ॲमेथिस्टचा खळगा बऱ्यापैकी खोल आहे. म्हणून तो अंगठीत वर्षानुवर्षे टिकतो, पण रोज ऊन मिळाले तर हळूहळू उतरतो. सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवला तर जांभळा रंग जातो आणि बहुतेकदा पिवळा येतो. बाजारात ‘सुनहला’ म्हणून मिळणारे पुष्कळसे खडे असे तापवलेले ॲमेथिस्टच असतात.

प्रकाशाने रंग उडण्याची सर्वांत बोलकी साक्ष अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या टोपाझ माउंटनवर मिळते. तिथल्या फिकट ज्वालामुखी खडकाच्या पोकळ्यांत टोपाझचे स्फटिक आहेत. खडक फोडून काढलेला ताजा स्फटिक मधासारखा तांबूस-पिवळा असतो. त्याच डोंगरावर झीज होऊन उघडे पडलेले स्फटिक मात्र रंगहीन असतात. पोकळीत असेपर्यंत रंग शाबूत आणि उन्हात आल्यावर काही दिवसांत गायब. टोपाझची कठिनता ८ आहे, गारगोटीपेक्षा जास्त. ओरखड्याला दाद न देणारे रत्न प्रकाशापुढे हरते, म्हणजे कठीणपणाचा आणि रंगाच्या टिकाऊपणाचा काही संबंध नाही.

दुसरे उदाहरण कुंझाइटचे. १९०२ साली कॅलिफोर्नियातल्या पाला भागात हे गुलाबी-जांभळट रत्न सापडले. टिफनी या प्रसिद्ध पेढीचे रत्नतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक कुंझ यांनी ते ओळखले आणि पुढच्या वर्षी त्याला त्यांचेच नाव मिळाले. रंग मँगनीजमुळे येतो, पण सतत तीव्र ऊन लागले तर फिकट होतो. म्हणूनच पाश्चात्त्य जवाहिरे हे रत्न संध्याकाळच्या समारंभात घालण्याचे समजतात.

मॅक्सिक्स बेरिलची गोष्ट तर सरळ फसवणुकीकडे जाते. बेरिल म्हणजे पाचूच्या कुळातले खनिज. १९१७ च्या सुमारास ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातल्या मॅक्सिक्स खाणीत गर्द निळे बेरिल सापडले. रंग नीलमशी स्पर्धा करणारा, पण उजेडात ठेवले की उतरणारा. १९७० च्या दशकात तसेच गर्द निळे खडे पुन्हा बाजारात आले. फिकट बेरिलवर किरणांचा मारा करून ते तयार केलेले होते आणि उत्तम ॲक्वामरीन म्हणून खपले. तपासात दिसले की रंग बेरिलच्या स्फटिकातल्या पोकळ नळ्यांमध्ये अडकलेल्या कार्बोनेटच्या रूपांमुळे येतो आणि प्रकाशाने तो नाहीसा होतो. घेणाऱ्यांच्या हाती राहिले ते फिकट बेरिल.

आता आपल्या सराफ कट्ट्याकडे येऊ, कारण सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती पुष्कराजची. गुरूचे रत्न म्हणून महाराष्ट्रात त्याला मोठी मागणी आहे. बाजारात पुष्कराज म्हणून विकला जातो तो पिवळा कुरुविंद, म्हणजे माणिक आणि नीलम यांचा सख्खा भाऊ. त्याचा पिवळा रंग वेगवेगळ्या कारणांनी येतो. काही खड्यांत लोहामुळे येतो आणि तो पक्का असतो. श्रीलंकेच्या काही खड्यांत रंगकेंद्रामुळे येतो आणि त्यातला बराचसा टिकाऊ असतो. पण फिकट किंवा रंगहीन खड्यावर किरणांचा मारा केला तरी तो सुंदर पिवळा होतो, आणि हा रंग उन्हात काही दिवसांतच उतरतो. दुकानातल्या दिव्याखाली पक्क्या आणि उडणाऱ्या रंगाचे खडे सारखेच दिसतात. वजनात फरक नाही, कठिनतेत नाही, प्रकाश वाकवण्याच्या गुणातही नाही. उन्हातान्हात शेतावर काम करणाऱ्याच्या बोटात हा खडा गेला की त्याचे खरे रूप उघडे पडते.

राशीचा खडा फिका पडला की त्याने ग्रहाची पीडा स्वतःवर घेतली, असे अनेकदा सांगितले जाते. मग दुसरा खडा घ्यावा लागतो. खड्यातला इलेक्ट्रॉन उन्हामुळे आपल्या जागी परतला, एवढेच प्रत्यक्षात घडलेले असते. खडा पेटीत ठेवला असता तर तो फिका झाला नसता, मग घालणाऱ्याची ग्रहदशा काहीही असो.

मोठ्या बाजारालाही हा प्रश्न चुकलेला नाही. २०१६ साली मादागास्करमधल्या बेमेंती भागात कुरुविंदाचा मोठा साठा सापडला. त्यातले काही खडे पद्मरागाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुलाबी-केशरी छटेचे होते. या छटेला फार मोठी किंमत मिळते. पण प्रयोगशाळांना दिसले की काही खड्यांतला केशरी अंश उजेडात उडून जातो आणि खडा नुसता गुलाबी उरतो. तेव्हापासून नामवंत प्रयोगशाळा असा खडा तीव्र प्रकाशाखाली ठेवून त्याचा रंग स्थिर आहे का ते तपासतात आणि मगच प्रमाणपत्रावर ते नाव लिहितात. ही चाचणी खड्याला इजा करत नाही. उडणारा रंग अतिनील प्रकाश देऊन पुन्हा आणता येतो, म्हणून तपासणीपूर्वी खडा कोणत्या अवस्थेत होता हेही पाहावे लागते.

गेलेला रंग परत येणे हा या विषयातला सर्वांत गमतीचा भाग आहे. राजस्थानातल्या किशनगढजवळच्या खडकांत सोडालाइट नावाचे खनिज सापडते. ते ताजे फोडले तर आत गुलाबी-लालसर असते, उजेडात धरले तर पाहता पाहता रंग जातो आणि अंधारात ठेवले तर काही काळाने परत येतो. या प्रकाराला हॅकमनाइट म्हणतात. गंधकापासून सुटलेला इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या रिकाम्या जागेत जाऊन बसतो आणि रंग येतो. अतिनील किरण त्याला तिथे बसवतात, साधा उजेड त्याला उठवतो. इथे खळगा इतका उथळ आहे की हा खेळ पुन्हा पुन्हा चालू शकतो. ॲमेथिस्टच्या बाबतीत मात्र घरातल्या अंधाराने रंग परत येत नाही. त्याला पुन्हा किरणोत्सार हवा. निसर्गाने ते काम लाखो वर्षांत केले, आज ते प्रयोगशाळेत लवकर होते.

याचा अर्थ सगळ्या रत्नांनी उन्हाला भ्यावे असे नाही. माणिक आणि पाचू क्रोमियममुळे रंगतात, निळा नीलम लोह आणि टायटॅनियमच्या जोडीमुळे, लाल गार्नेट लोहामुळे. हे रंग स्फटिकात पक्के बसलेल्या मूलद्रव्यांचे आहेत आणि नेहमीच्या वापरात उन्हाने जात नाहीत. आपल्या दख्खनच्या खडकातही याची सुरेख उदाहरणे आहेत. बीडला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, राहुरीजवळ मोमीन आखाडा येथे २००१ साली विहीर खणताना हिरव्या ॲपोफिलाइटचे चकचकीत गोलाकार पुंजके निघाले. जगभरच्या संग्राहकांनी त्यांना ‘डिस्को बॉल’ असे नाव दिले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले गडद निळे कॅव्हनसाइट तर जगप्रसिद्ध आहे. दोघांचाही रंग व्हॅनेडियम या धातूचा आहे, अडकलेल्या इलेक्ट्रॉनचा नव्हे. अशा दख्खनी खनिजांचा मोठा संग्रह पाहायचा असेल तर नाशिकजवळ सिन्नरला ‘गारगोटी’ संग्रहालय आहे.

गुलाबी स्फटिकाचे उदाहरण तर आणखी सूचक आहे. हल्ली घराघरात ठेवले जाणारे धुरकट गुलाबी रोझ क्वार्ट्झचे गोळे आणि माळा सहसा टिकाऊ असतात. त्यांचा रंग आत विखुरलेल्या दुसऱ्या एका खनिजाच्या सूक्ष्म तंतूंमुळे येतो. पण ब्राझीलमध्ये मिळणारे पैलूदार, पारदर्शक गुलाबी स्फटिक रंगकेंद्रामुळे रंगलेले असतात आणि उजेडात फिके होतात. रत्न कोणते हे कळले म्हणजे पुरते असे नाही. त्यातला रंग कशाचा हे कळावे लागते.

खड्याचे रूप बिघडण्याची इतरही कारणे आहेत आणि त्यांचे खापर उन्हावर फोडले जाते. रंगवलेल्या अकिकाचा, स्वस्त माळांतल्या पाचूसारख्या दिसणाऱ्या गारगोटीचा रंग उडतो तो वरून दिलेला असतो. अस्सल पाचूच्या भेगांत भरलेले तेल उष्णतेने सुकले की भेगा दिसू लागतात आणि खडा निस्तेज वाटतो. ओपलमध्ये पाणी असते, ते आटले की तडे जातात. मोती उन्हाने आणि घामाने खराब होतो. मनशीळ या लाल खनिजाचे मात्र प्रकाशाने खरेच रूपांतर होते आणि त्याची पिवळी भुकटी पडते. इथे रंगच नव्हे, खनिजच बदलते आणि ते परत येत नाही.

प्रकाशाचा परिणाम साठत जातो, हे लक्षात ठेवले तर रत्ने जपणे सोपे आहे. भर दुपारचे थेट ऊन सुमारे एक लाख लक्स असते. संग्रहालयात नाजूक वस्तूंना सुमारे ५० लक्स प्रकाश दिला जातो. म्हणजे खिडकीतल्या उन्हात एक तास ठेवलेल्या वस्तूला संग्रहालयातल्या दोन हजार तासांइतका प्रकाश मिळतो. दिवसाला आठ तास धरले तर ते अडीचशे दिवस झाले. काचेमागे ठेवले म्हणजे सुरक्षित, हा समजही खोटा आहे. साधी काच अतिनील किरणांचा एक भाग अडवते, बाकीचा भाग आणि दिसणारा प्रकाश आत येतोच.

तेव्हा ॲमेथिस्ट, कुंझाइट, तपकिरी टोपाझ आणि किरणांनी रंगवलेला कोणताही खडा डबीत ठेवावा, समारंभात घालावा, शेतात किंवा प्रवासात सतत बोटात ठेवू नये. निळा टोपाझही किरण देऊनच तयार करतात, पण त्याचा खळगा खोल असल्याने तो उन्हात टिकतो. एवढा अपवाद ध्यानात असू द्यावा. महाग पुष्कराज घेताना सराफाला सरळ विचारावे: खड्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे, रंग स्थिर आहे का आणि ते पावतीवर लिहून मिळेल का? मोठी रक्कम असेल तर मुंबई किंवा जयपूरच्या मान्यताप्राप्त रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. त्यात खड्याचे नाव आणि वजन तर वाचावेच, प्रक्रियेचा रकानाही वाचावा. प्रामाणिक सराफ यावर रागावत नाही. जो उत्तर टाळतो, त्याच्याकडून रंगीत खडा घेऊ नये.